अकिलीस टेंडन: २७६५० लावायचा की २७६५४?

काल शिफ्ट संपता संपता नवीन मुलीने विचारलं, "दादा, अकिलीस रिपेअर आहे, २७६५० लावू की २७६५४?" अकिलीस टेंडन म्हणजे टाचेमागची जाड कंडरा आणि हे दोन आकडे ती शिवण्याच्या शस्त्रक्रियेचे CPT कोड, म्हणजे अमेरिकेतल्या हॉस्पिटल-डॉक्टरांच्या बिलावर त्या-त्या उपचारासाठी लावायचे ठरलेले क्रमांक. पुण्यात बसून अमेरिकेची ही बिलं कोड करणाऱ्या प्रत्येकाला हा पेच कधीतरी पडतोच.

२७६५० म्हणजे प्रायमरी. टेंडन नुकतंच तुटलंय, पहिल्यांदाच शिवलंय. उघडून शिवा किंवा त्वचेतून, कोड तोच. २७६५४ सेकंडरी: उपचाराविना राहिलेलं जुनं किंवा शिवून पुन्हा तुटलेलं. किती आठवड्यांनी 'जुनं' म्हणायचं हे कोडच्या वर्णनात नाही, म्हणून ऑप नोट, म्हणजे सर्जनने लिहिलेली शस्त्रक्रियेची नोंद, शेवटपर्यंत वाचायची. तिच्या नोटच्या मथळ्यात नुसतं 'रिपेअर' होतं. दुखापत तीन महिन्यांपूर्वीची आणि मधला स्कार टिश्यू (जखम भरताना तयार झालेला व्रणाचा भाग) कापून काढल्याचं खाली, तिसऱ्या परिच्छेदात. तिथेच निकाल लागला.

ग्राफ्ट, म्हणजे जोडायला लावलेला दुसरा ऊतीचा तुकडा, २७६५४ मध्ये धरलेलाच असतो, वेगळा लावू नका. प्रायमरीत ग्राफ्ट असेल तर २७६५२. ९० दिवसांचा ग्लोबल, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची नेहमीची देखभाल त्याच पैशात धरली जाते तो काळ, २७६५० आणि २७६५४ दोन्हींना सारखाच. मेडिकेअर (अमेरिकेचा मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) २७६५४ ला थोडं जास्त मोजतं, पण नोटमध्ये आधार नसेल तर तो मोह महागात पडतो.

थोडक्यात, ताजं आणि ग्राफ्टशिवाय असेल तर २७६५०. रखडलेलं किंवा पुन्हा फाटलेलं असेल तर २७६५४. नोट गोलमोल असेल तर सर्जनला क्वेरी टाका, म्हणजे लेखी विचारून खुलासा घ्या.