दालमिलमधला गॅसिफायर : काही महिन्यांच्या वापरानंतर

अकोला जिल्ह्यातील आमच्या दालमिलमध्ये दिवाळीनंतर डाउनड्राफ्ट गॅसिफायर (अपुऱ्या हवेत लाकूड जाळून जळाऊ गॅस बनवणारी, तो वरून खाली ओढणारी भट्टी) बसवला आणि तेव्हापासून त्याच्या गॅसवर आमचा डिझेल जनरेटर दुहेरी इंधनाने चालतो. मिलवाले मित्र आता तो घ्यावा का, असे विचारतात. माझ्या मते गॅस तयार करणे सोपे आहे. तो इंजिनाला मानवेल इतका स्वच्छ मिळवणे हेच खरे काम आहे, आणि ही स्वच्छता फिल्टरपेक्षा भट्टीत आणि त्याआधी लाकडाच्या ढिगावर ठरते.

वरून टाकलेले लाकूड आधी वाळते, मग त्यातून डांबरी वाफा सुटतात. या वाफांना १००० अंश सेल्सिअसहून तप्त पट्ट्यातून व त्याखालच्या लाल कोळशाच्या थरातून जावे लागते, म्हणून बहुतेक डांबर तिथेच मोडते. लाकडात २० टक्क्यांहून अधिक ओलावा असला, किंवा जनरेटरवर बराच वेळ कमी भार राहिला, की भट्टी थंडावते आणि न मोडलेले डांबर पुढे येते. अशा दिवसानंतर इंजिनाची गॅसझडप उघडून पाहिली, तर तिच्या दांड्यावर काळा, चिकट थर बोटाला लागतो. बाभळीचे मुठीएवढे, वाळलेले तुकडे सर्वांत उत्तम. तुराट्या आणि पऱ्हाट्या आमच्याकडे हव्या तितक्या मिळतात, पण हलक्या असल्याने त्या भट्टीच्या गळ्याशी अडकून पोकळी धरतात. म्हणून त्या बारीक कापून बाभळीत थोड्याच मिसळतो.

पुढे गॅस गरगर फिरवून धूळ वेगळी करणारा सायक्लोन, गॅस पाण्याने धुऊन निववणारा स्क्रबर, भुशाचा आणि कापडी फिल्टर अशी रांग आहे. हिवाळ्यात ती निर्धोक चालली. एप्रिल-मे महिन्यांत मात्र पारा ४४ अंशांवर गेला, स्क्रबरच्या टाकीतले पाणीच तापले, गॅस पुरेसा निवेना आणि भुसा लवकर भिजू लागला. टाकीवर सावली केली, पहाटेची पाळी लावली, तेव्हा फरक पडला. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात उन्हाळ्याचा उल्लेखही नव्हता, आणि विदर्भात यंत्र विकणाऱ्याने तो करायलाच हवा.

स्क्रबरचे काळे पाणी ही माझी सर्वांत मोठी काळजी आहे. त्यात फिनॉल हे विषारी रसायन असते, म्हणून ते नाल्यात सोडता येत नाही. आम्ही ते निवळून पुन्हा फिरवतो, तरी तळाच्या गाळाची विल्हेवाट शिल्लक राहते. गॅसमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून शेड दोन्ही बाजूंनी उघडी ठेवून धोक्याची घंटा बसवून घेतली आहे.

हवेवर चालणाऱ्या या यंत्राच्या गॅसमध्ये निम्म्याच्या आसपास नायट्रोजन असतो. इंजिनाला तो चालतो, पण मिथेनॉलसारखे रसायन बनवण्याजोगा संश्लेषण वायू (मुख्यतः हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड) हवा असेल, तर हवेऐवजी वाफ किंवा ऑक्सिजन लागतो. ऑस्ट्रियातील ग्युसिंगच्या प्रकल्पात लाकडापासून वाफेवर गॅस बनवत आणि त्यातले डांबर बायोडिझेलने धूत. ते आपल्या आकाराच्या मिलचे काम नव्हे.

भार स्थिर असेल तेव्हा आमचे दोन तृतीयांशाच्या आसपास डिझेल वाचते. ज्यांच्याकडे लाकूड पावसाळ्यात कोरडे ठेवायला पक्के छप्पर आणि भट्टीजवळ थांबणारा जाणता माणूस आहे, त्यांनीच हे यंत्र घ्यावे.