अँड्रोजिनस कलेक्शनचा मूड बोर्ड: पिंटरेस्टवर की सनबोर्डवर?

गेल्या आठवड्यात एका ज्युनियरने विचारलं, "ताई, अँड्रोजिनस प्रोजेक्ट घेतलाय. बोर्ड पिंटरेस्टवर करू की सनबोर्डवर?" अँड्रोजिनस म्हणजे बाईचे की पुरुषाचे हा भेद पुसणारे कपडे, आणि मूड बोर्ड म्हणजे फोटो, कापडाचे तुकडे लावून कलेक्शनची कल्पना मांडणारा फलक. तो पिंटरेस्ट या फोटो जमवायच्या साइटवर करता येतो, नाहीतर सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या ताठ फळीवर. मी दोन्ही केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोयीच्या बाबतीत पिंटरेस्टला तोड नाही. रात्री अकराला घोडबंदरच्या घरी बसून तासाभरात शंभर फोटो जमतात. ते कॅनव्हावर (ऑनलाइन डिझाइनचं टूल) मांडले की सकाळी मेंटरला लिंक पाठवून मोकळे. ग्रुपमधली एक डोंबिवलीला आणि दुसरा नेरुळला असेल तर प्रश्नच मिटला.

घोळ वेगळाच आहे. तुम्ही एक फोटो सेव्ह केलात की पिंटरेस्ट तसलेच वीस पुढ्यात टाकतं. 'अँड्रोजिनस' शोधलं की उंच, सडपातळ मॉडेल, आखूड केस, ढगळ राखाडी सूट. थोड्या वेळात तुमचा आणि शेजारणीचा बोर्ड जुळा दिसायला लागतो. त्यातही भाव खातो तो मॉडेलचा चेहरा. तोच सूट ठाणे स्टेशनच्या दोन नंबरवर उभ्या असलेल्या एखाद्या काकांच्या अंगावर कल्पून बघा, मूड कुठल्या कुठे जातो.

शिवाय सगळा ओघ एकाच दिशेला, बाईच्या अंगावर पुरुषाचे कपडे. फ्रेंच डिझायनर इव्ह सां लोराँने १९६६ मध्ये बायकांसाठी टक्सिडो (पुरुषांचा पार्टीचा सूट) काढला तेव्हा ते धाडस होतं. आज तेवढ्यावर बोर्ड उभा केलात तर परीक्षक जांभई देतील. उलट्या दिशेचं उदाहरण आपल्या घरातच आहे. बालगंधर्व रंगमंचावर जशी नऊवारी नेसत, जसे दागिने घालत, तसं घरंदाज बायका करून बघत. आणि काष्टा तर धोतराचा सख्खा भाऊबंद! हे पिंटरेस्ट आपणहून दाखवत नाही, नाव घालून शोधावं लागतं.

आता सनबोर्ड. माझा पहिला सनबोर्ड सुटला तो दोन जुन्या शर्टांमुळे. एक बाबांचा, एक माझा. दोघांच्या बटणपट्ट्या उसवून शेजारी शेजारी चिकटवल्या. त्यांची बटणं उजव्या पट्टीवर, माझी डाव्या. एवढ्याशा गोष्टीवर कपड्याची जात ठरते! मग बाजू कुठली घ्यायची? बराच वेळ पट्ट्यांकडे बघत बसले आणि शेवटी बटणच काढून टाकलं, अंगरख्यासारखे बंद घेतले. नौपाड्यातल्या टेलर मास्तरांकडे नमुना शिवायला टाकला तेव्हा त्यांनी विचारलं, "लेडीज की जेंट्स? टक्स घालू की नको?" टक्स म्हणजे छातीपाशी आकार देणाऱ्या शिवलेल्या चिमट्या. मास्तरांचा प्रश्न चिठ्ठीवर लिहून मी बोर्डाच्या मधोमध टाचला. पुढचं अर्धं डिझाइन त्याच्या उत्तरातून निघालं. टक्स नाहीत, म्हणजे छातीपाशी लागणारी जागा योकखालच्या (खांद्यावरच्या पट्टीखालच्या) चुण्यांमधून द्यायची.

कापड हातात असलं की आणखी एक गोष्ट कळते. मलमल अंगावर पडली की शरीराचीच रेषा दाखवते. जाड डेनिम किंवा कडक खादी स्वतःचा आकार धरून राहते, आत कोण आहे ते चटकन कळत नाही. कावाकुबो आणि यामामोतो हे जपानी डिझायनर १९८१ मध्ये पॅरिसला गेले तेव्हा त्यांचे कपडे अंगापासून असेच सुटे उभे राहत होते. फोटोत हे दिसतं, पण समजतं ते चिमटीत धरल्यावर. आपल्याकडे त्यासाठी लांब जायलाही नको. डेनिम उल्हासनगरला, ग्रे (न धुतलेलं, न रंगवलेलं) कापड भिवंडीला, आणि हौस असेल तर मुंबईचं मंगळदास मार्केट आहेच.

त्रासही तितकाच. ए-टू आकाराचा बोर्ड घेऊन सकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलने खारघर गाठून बघा. डब्यातल्या बायकांनी मला दारापासून आतपर्यंत शिव्या घातल्यात. जुलैच्या दमट हवेत डबल टेपने माघार घेतली ती वेगळीच.

तर माझं मत. दोन आठवडे हातात असतील आणि कपडे खरोखर शिवायचे असतील, तर आधी सनबोर्ड, तोही ए-थ्री. त्यावर माणसाचा फोटो एकही नको. पक्का झाला की दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी फोटो काढून कॅनव्हावर चढवा. ट्यूबलाइटखाली रंग बदलतो, म्हणून प्रत्येक तुकड्याखाली पँटोनचा (रंगांच्या ठरलेल्या यादीतला) नंबर लिहा. उद्या-परवाच सबमिशन असेल किंवा फक्त कल्पना मांडायची असेल, तर सरळ पिंटरेस्ट घ्या, पण प्रत्येक फोटोतलं डोकं क्रॉप करा. डोकं उडाल्यावरही जो फोटो बघावासा वाटतो, तेवढाच ठेवा.

आणि बाजारात जाताना झिगझॅग कात्री न्या. साध्या कात्रीने कापलेल्या तुकड्यांचे दोरे चार दिवसांत बोर्डभर पसरतात.