'द बँड' (१९६९): दमट हवेतही न उतरणारा तपकिरी अल्बम

कोकणात एलपी, म्हणजे विनाइलची मोठी रेकॉर्ड, बाळगायची म्हणजे वर्षाचे चार महिने बुरशीशी भांडण. एवढा खटाटोप करून घरात आणावी अशी रूट्स रॉकची (लोकसंगीत, ब्लूज, कंट्री यांच्या मुळांवर उभ्या रॉकची) एकच एलपी कोणती, असं कुणी विचारलं तर उत्तर 'द बँड'. गटाचं नाव तेच, अल्बमचंही तेच. कव्हरच्या रंगामुळे जाणकार त्याला 'ब्राउन अल्बम' म्हणतात. कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने तो २२ सप्टेंबर १९६९ रोजी काढला. बारा गाणी, साधारण ४४ मिनिटं.

पाच जणांपैकी चार कॅनडाचे. अमेरिकेच्या दक्षिणेतला एकटा लेव्हॉन हेल्म, आर्कान्सॉच्या शेतकऱ्याचा मुलगा. ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी हॉलिवूडच्या टेकडीवरचं गायक-अभिनेता सॅमी डेव्हिस ज्युनियरचं घर भाड्याने घेतलं आणि पोहण्याच्या तलावालगतच्या खोलीत यंत्रं मांडली. काही काम नंतर न्यूयॉर्कला झालं. निर्माता जॉन सायमन. राहत्या घरात वाजवल्याचा परिणाम रेकॉर्डवर लख्ख कळतो: आवाज जवळचा, कोरडा, कुठेही देवळाच्या गाभाऱ्यात गायल्यासारखा घुमवलेला नाही.

आता हा अल्बम पन्नासहून जास्त वर्षं का टिकला ते बघू. यात कुणी पुढे पुढे करत नाही, हे त्याचं खरं कारण. 'रॅग मामा रॅग' घ्या. एरवी ड्रम सांभाळणारा हेल्म इथे मँडोलिन वाजवतो, पियानोवाला रिचर्ड मॅन्युएल ड्रमवर बसतो, बास वाजवणारा रिक डँको फिडल घेतो आणि पियानो जातो गार्थ हडसनकडे. मग बास कोण वाजवणार? कुणीच नाही. ती जागा भरायला खुद्द निर्माता सायमन ट्यूबा हे भलंमोठं पितळी वाद्य फुंकतो. खालचा स्वर थोडा अडखळत, धापा टाकत येतो आणि गाण्याची सगळी गंमत त्यातच आहे. सफाईदार बास असता तर गाणं सपाट झालं असतं.

गळ्यांचंही तसंच. हेल्म, डँको आणि मॅन्युएल तिघंही मुख्य गायक. एकाने ओळ उचलली की दुसरा अर्ध्यावर येऊन मिळतो, शब्द एकाच क्षणी संपलेच पाहिजेत असा आग्रह नाही. डबलबारीत बुवांच्या मागे कोरस धरणारे जसे आपापल्या गळ्याने येतात आणि तरी गजर एकच राहतो, तसा हा प्रकार. शंभर वेळा ऐकलं तरी दर वेळी कुठला तरी एक गळा नव्याने सापडतो.

ड्रम मुद्दाम ऐका. खाली लावलेले, दाबलेले, जवळजवळ लाकडावर टिचकी मारल्यासारखे. हेल्म दोन ठोक्यांच्या मध्ये जागा सोडतो आणि डँकोचा बास बरोबर त्या जागेत उतरतो. 'अप ऑन क्रिपल क्रीक'मध्ये बेडकासारखं टर्रटर्र करणारं जे वाद्य आहे ते मोरचंग नाही. हडसनने क्लॅव्हिनेट हे विजेवरचं कीबोर्ड वाद्य वा-वा पेडलमधून, म्हणजे पायाने दाबून आवाज वळवायच्या यंत्रातून, काढलंय. सिंगल म्हणून ते अमेरिकेच्या यादीत २५व्या क्रमांकापर्यंत गेलं, अल्बम ९व्यापर्यंत.

शेवटचं 'किंग हार्वेस्ट' मात्र नीट बसून ऐकण्याचं. विषय दुष्काळात बुडालेल्या, आता युनियनच्या आशेवर असलेल्या शेतकऱ्याचा. खळ्यातलं कोठार जळालंय, घोडा वेडा झालाय. बहुतेक गाण्यांत कडवं हळू आणि ध्रुवपद जोरात असतं, इथे उलटं: कडवी ताणलेली, आणि ध्रुवपद आलं की सगळे दबक्या आवाजात. त्या ध्रुवपदात पाण्यावरून वारा आला की भाताची सळसळ ऐका असं सांगितलंय. भात पोटरीला आल्यावर आपल्याकडे ती सळसळ कुणाला शिकवावी लागत नाही. शेवटी रॉबी रॉबर्टसनची गिटार येते, तीसुद्धा मोजके सूर चिमटून काढल्यासारखी, आणि गाणं विरत जातं. सोलोवर हात मोकळा सोडायची एवढी संधी असून त्याने ती घेतली नाही, याबद्दल आपण त्याचे आभारच मानायचे.

दोष आहेत. 'जेमायमा सरेंडर' बाकीच्यांच्या मानाने सामान्य. 'जॉबोन' मध्येच ताल बदलत राहतं, त्यामुळे पायाने ताल धरायला गेलं की चुकतो. काहींना ते आवडतं, बहुतेक जण सुई उचलतात. 'द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाउन' हे अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेतल्या एका गरीब माणसाच्या तोंडी आहे. चाल आणि हेल्मचा गळा अव्वल, पण गुलामीचा उल्लेखही न करता त्या बाजूचं दुःख गाणं यावर आज आक्षेप घेतले जातात. ऐकणाऱ्याला ते माहीत असलेलं बरं.

कुठली आवृत्ती घ्यावी? जुनी अमेरिकन प्रत मिळाली तर शेवटच्या गाण्यानंतरच्या कोऱ्या पट्टीत 'आरएल' ही अक्षरं कोरलीत का, ते उजेडात तिरकी धरून बघा. ती बॉब लुडविग या तंत्रज्ञाने कापलेल्या (खाचा कोरलेल्या) मूळ तबकडीवरून निघालेली पहिली प्रत, बास भरदार. नंतरच्या कित्येक प्रतींत बास छाटलाय. पण आपल्याकडे येणाऱ्या जुन्या प्रतींची अवस्था बघता शोधत बसण्यापेक्षा २०१९ची पन्नासाव्या वर्षाची आवृत्ती घेणं शहाणपणाचं. बॉब क्लिअरमाउंटनने मूळ ध्वनिमुद्रणाचं नवं मिश्रण (मिक्स) केलंय, गळे सुटे ऐकू येतात. जुन्या मिश्रणातला कोंदट ऊबदारपणा थोडा गेलाय, हे खरं. ही दोन रेकॉर्डची आहे आणि ४५च्या वेगाने (मिनिटाला ४५ फेरे) वाजते. ३३ वर लावून 'रेकॉर्ड खराब आली' म्हणू नका. बऱ्याच बेल्टच्या यंत्रांत वेग बदलायला पुलीवरचा बेल्ट हाताने सरकवावा लागतो.

मागवताना विक्रेत्याला सांगा की रेकॉर्ड जॅकेटच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या कव्हराच्या, बाहेर काढून मागे ठेवून पॅक करा. नाहीतर घाटात गाडी आपटली की रेकॉर्डची कड जॅकेटची शिवण फाडते. पार्सल वैशाखात येणार असेल तर दुपारभर गाडीत तापू देऊ नका, उष्णतेने विनाइल वाकतं आणि वाकलेलं सरळ होत नाही. त्याच कारणाने वाळवणाबरोबर खळ्यात ऊन दाखवायचा मोह टाळा. जॅकेट दमट वाटलं तर सावलीत, वाऱ्यावर.

बुरशी बहुतेकदा आतल्या कागदी पाकिटात धरते. कागद फेकून पॉलिथिनचं पाकीट वापरा, पीव्हीसीचं नको. खाचांत पांढरट ठिपके दिसले की तोंडाला फडकं बांधून अंगणातच साफ करा. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, चार भाग डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब. मऊ मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून भांड्यांच्या जाळीत उभी ठेवायची. मधलं कागदी लेबल ओलं होता कामा नये. विहिरीचं किंवा नळाचं पाणी वापरलं तर त्यातले क्षार खाचांत सुकतात आणि कायमची कुरकुर सुरू होते. आजोबांच्या लाखेच्या ७८च्या तबकड्यांना हे द्रावण लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते.

कपाटात रेकॉर्ड उभ्या, भिंतीपासून चार बोटं लांब. पावसात जांभ्याची भिंत ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर वाळवा. तवा पुन्हा स्वयंपाकाला नको. डांबराच्या गोळ्यांचा वास पुठ्ठ्यात मुरतो, म्हणून त्याही नकोत.

प्लेअर माळ्याच्या फळ्यांवर ठेवला तर कुणी चाललं की सुई उडते, आणि स्पीकर त्याच टेबलावर असले तर 'क्रिपल क्रीक'च्या बासला घुमारा धरतो. जांभ्याच्या भिंतीत बसवलेली फळी उत्तम. फक्त दगड सच्छिद्र असल्याने खिळा लांब हवा आणि भोक सिमेंटने भरून घ्यावं.

आणखी एक, श्रावणापर्यंत कौलांवर पाऊस असताना 'व्हिस्परिंग पाइन्स' लावण्यात अर्थ नाही, मॅन्युएलचा हळवा आवाज पागोळ्यांखाली बुडतो. उघडीप मिळाली की मात्र तेच गाणं आधी लावा, कारण बेल्टची परीक्षा त्यावर होते. दमटपणाने रबर सैल पडलं असेल तर पियानोचा लांबवलेला सूर लाटेसारखा वरखाली होतो. तसं ऐकू आलं तर नवा बेल्ट मागवा, बाकी कशालाही हात लावू नका.