स्टॅबिलायझरवर मोबाइलची पाणसळ: कुठे चालते, कुठे फसवते

मोटर नसलेल्या, काउंटरवेटवर (तोल साधणाऱ्या वजनांवर) चालणाऱ्या स्टॅबिलायझरवर, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या सांगाड्यावर, शॉट अजिबात थरथरला नाही, तरी क्षितिज कललेलं असलं की तो वायाच जातो. 1920 पिक्सेल रुंदीच्या चित्रात फक्त 1 अंश कल आला तर क्षितिजाच्या दोन टोकांत साधारण 33 पिक्सेलचा फरक पडतो. मागे समुद्र, दाराची चौकट किंवा इमारतीची कड असेल तर तो सहज नजरेत भरतो. म्हणूनच कॅमेऱ्याखालच्या उभ्या दांड्याच्या (पोस्टच्या) तळाशी असलेल्या पट्टीवर मोबाइल बसवून त्यातलं लेव्हलचं अ‍ॅप पाणसळ म्हणून वापरण्याची पद्धत मोहात पाडते. स्क्रीन मोठी असते, अंधारात दिसते आणि कल आकड्यात सांगते. सेटअप करताना आणि स्थिर उभ्या शॉटमध्ये ती खरोखर उत्तम काम करते. चालताना आणि वळताना मात्र तिच्यावर विसंबू नये.

हा दोष स्वस्त फोनचा नाही. फोनमधला अ‍ॅक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षण आणि वेग बदलताना बसणारा जोर यांत फरक करू शकत नाही. 3 मीटर त्रिज्येच्या वळणावर सेकंदाला 1.2 मीटर वेगाने चाललं, तर बाजूचं त्वरण सुमारे 0.48 मीटर प्रति सेकंद वर्ग होतं. गुरुत्वाच्या 9.8 पुढे ते किरकोळ वाटतं, पण तेवढ्यानेच स्क्रीनवरची रेषा जवळपास 3 अंश कलते. ऑपरेटर ती सरळ करायला जातो आणि चांगली आडवी असलेली फ्रेम स्वतःच्या हाताने तिरकी करून बसतो. काचेच्या नळीतला बुडबुडाही अगदी याच कारणाने फसतो, त्यामुळे नळी वापरून ही अडचण सुटत नाही.

इथे फोनला एक फायदा आहे: जायरोस्कोप. तो फिरण्याचा वेग मोजतो, त्याला बाजूच्या धक्क्याने फारसा फरक पडत नाही. दोन्ही सेन्सरांची माहिती जुळवणारं अ‍ॅप थोड्या वेळाच्या धक्क्यांत शांत राहतं. आपलं अ‍ॅप कोणत्या प्रकारचं आहे हे कळायला एक सोपी चाचणी आहे. फोन टेबलावर सपाट ठेवा आणि एका झटक्यात हातभर बाजूला सरकवा. रेषेने उडी मारली तर ते फक्त अ‍ॅक्सेलरोमीटर वाचतंय. जेमतेम हलली तर जायरोस्कोपही वापरतंय. रेषा हललीच नाही, पण फोन मुद्दाम कलवल्यावरही ती मागून रेंगाळत आली, तर अ‍ॅपने आकडे जरुरीपेक्षा जास्त गुळगुळीत केलेत. असं अ‍ॅप स्टॅबिलायझरवर निरुपयोगी, कारण कल कळेपर्यंत शॉट पुढे गेलेला असतो. लांबलचक वळणात मात्र जायरोस्कोपवालं अ‍ॅपही हळूहळू खोट्या कलाकडे सरकतं.

आता बसवणं. बहुतेक चुका इथेच होतात. फोनची आडवी कड लेन्सच्या अक्षाला काटकोनात हवी. फोन धरणारा क्लॅम्प नुसता 5 अंश वळलेला असला आणि कॅमेरा 20 अंश खाली झुकवला, तर प्रत्यक्षात शून्य कल असूनही फोन 1.7 अंश कल दाखवतो. झुकाव बाजूच्या कलात मिसळतो, आणि ऑपरेटरला वाटतं की सेन्सर बिघडला. बॉल हेड (गोळ्यावर सगळीकडे वळणारा सांधा) असलेला क्लॅम्प यासाठी वाईटच, कारण तो चालण्याच्या हादऱ्यांनी कणाकणाने वळतो. एका स्क्रूवर घट्ट बसणारा, न वळणारा क्लॅम्प घ्यावा आणि क्लॅम्प व पट्टी यांच्या सांध्यावर पेंटची एक आडवी रेघ मारून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की क्लॅम्प सरकला. क्लॅम्पचे जबडे फोनच्या बाजूच्या बटणांवर येत नाहीत ना, तेही पाहावं.

फोन खाली, मॉनिटरच्या शेजारी ठेवणं उत्तम. नजर तिथेच असते. तो सपाट आणि उभा यांच्या बरोबर मधे, 45 अंशांच्या आसपास ठेवू नये. बरीच अ‍ॅप्स तिथे गोल बुडबुड्यावरून सरळ रेषेवर उड्या मारत राहतात.

शून्य ठरवताना जमिनीवर विश्वास नको. आधी फोनची स्वतःची चूक काढावी: टेबलावर ठेवून आकडा वाचा, त्याच जागी 180 अंश फिरवून पुन्हा वाचा. पहिला +0.6 आणि दुसरा −0.2 आला, तर दोन्हींची बेरीज भागिले दोन, म्हणजे 0.2 अंश ही फोनची चूक आणि उरलेला 0.4 हा टेबलाचा उतार. पण खरं शून्य लागतं ते कॅमेऱ्याच्या सेन्सरचं. त्यासाठी समोर ओळंबा लटकवावा, त्याची दोरी फ्रेमच्या उभ्या कडेला अगदी समांतर दिसेपर्यंत कॅमेरा जुळवावा आणि त्या क्षणी अ‍ॅपमध्ये शून्य ठरवावं. दोरी फ्रेमच्या मधोमध नको, कडेजवळ हवी, म्हणजे तुलना सोपी जाते. लेन्स वाइड असेल तर कडेला रेषा वाकते. अशा वेळी थोडी लांब लेन्स लावून हे काम उरकावं.

वजनाचं गणित विसरून चालणार नाही. फोन आणि क्लॅम्प मिळून 250 ग्रॅम होतात. ते पोस्टच्या 12 सेंटिमीटर पुढे बसवले, तर 500 ग्रॅमची बॅटरी 6 सेंटिमीटर मागे सरकवावी लागते. म्हणून फोन आधी लावायचा, बॅलन्स नंतर. खाली वजन वाढल्याने ड्रॉप टाइम घटतो. दांडा आडवा धरून सोडल्यावर तो 2 ते 3 सेकंदांत सरळ खाली यायला हवा. त्याआधीच आला तर फोनच्या वजनाइतकं काउंटरवेट काढून टाकावं. तसं केलं नाही तर थांबताना आणि निघताना सगळा सांगाडा लंबकासारखा झुलतो, आणि पाणसळ दाखवते तो कल खराच असतो. एक गोष्ट मात्र अजिबात करू नये: पोस्टवरून लोंबणारी चार्जिंगची वायर. पॅन करताना, म्हणजे कॅमेरा डावी-उजवीकडे वळवताना, ती ओढ देते.

फोनमध्ये विमान मोड, ऑटो रोटेट बंद, स्क्रीन लॉक होण्याची वेळ बंद, व्हायब्रेशन बंद. ब्राइटनेस हाताने ठरवावा. उन्हात पूर्ण ब्राइटनेसवर ठेवलेला फोन तापतो आणि स्वतःच स्क्रीन मंद करतो, तेही बहुधा शॉटच्या मधेच. सूर्याच्या बाजूने छोटं झाकण लावलं तर बराच फरक पडतो.

शॉट चालू असताना वापरायची रीत अशी: निघण्याआधी उभं राहून रेषा शून्यावर आणा, मग नजर फ्रेममधल्या उभ्या रेषांवर ठेवा. खांब, दार, भिंतीचा कोपरा, जे असेल ते. सरळ रेषेत एकसारख्या वेगाने चालताना मधून एक कटाक्ष चालतो. वळण सुरू झालं की स्क्रीनकडे पाहणं सोडा, आणि थांबल्यावर एक-दोन सेकंद सांगाडा शांत होऊ द्या, त्यानंतरच आकडा वाचा. तेव्हा 0.5 अंशापेक्षा जास्त कल दिसला तर टेक पुन्हा घेण्याआधी कॅमेरा ज्यावर बसतो ती प्लेट बाजूला किंचित सरकवून पाहा. हाताने दाबून सरळ धरलेलं क्षितिज पुढच्या पावलाला पुन्हा कलतं.