बीटा टेस्टलाच ‘लाँच’ म्हणून विकलं: अ‍ॅलेक्सा स्किलच्या नावाखाली झालेली फसवणूक

‘तुमच्या व्यवसायासाठी अ‍ॅलेक्साचं स्किल बनवून देतो’ (अ‍ॅलेक्सा म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या स्पीकरमधली बोलणारी मदतनीस, स्किल म्हणजे तिच्यावर चालणारं अ‍ॅप) असं म्हणत कुणी आलं, तर पैशाचं बोलणं निघायच्या आधी एकच विचारा: स्किल कुणाच्या डेव्हलपर खात्यात, म्हणजे अ‍ॅमेझॉनकडच्या ज्या खात्यातून स्किल बनवतात त्यात, राहणार? समोरचा गडबडला किंवा ‘ते टेक्निकल आहे, आम्ही बघतो’ म्हणाला, तर चहा पाजून वाटेला लावा. मला ज्याने गंडवलं त्याच्या सगळ्या लबाड्यांचं मूळ या एका गोष्टीत होतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पेशंटला घरी रोज व्यायाम करावे लागतात. पाठीवर झोपून पाय सरळ उचलायचा, धरून ठेवायचा, हळूहळू खाली आणायचा. अशा वेळी हातात फोन धरून व्हिडिओ बघणं जमत नाही. बाजूला बसून ‘उचला, धरा, सोडा’ म्हणणारं कुणीतरी लागतं, आणि घरात दरवेळी तसं माणूस नसतं. बोलणारा स्पीकर या कामाला चपखल. कल्पना माझी होती आणि ती आजही मला चांगलीच वाटते.

२०२२ च्या अखेरीला एका ओळखीच्यांकडून हा गृहस्थ आला. नाव घेत नाही. प्रेझेंटेशन गुळगुळीत, कोटेशन तपशीलवार. त्यात स्किल बनवण्याच्या रकमेखेरीज चार बाबी वेगळ्या लावलेल्या होत्या: स्किलचं नाव राखून ठेवण्याचं शुल्क, सर्टिफिकेशनचं शुल्क, तेच अ‍ॅप गूगल असिस्टंटवर आणण्याचा खर्च आणि ‘व्हॉइस अ‍ॅनालिटिक्स’. हे शेवटचं म्हणजे पेशंटच्या आवाजावरून त्याला किती दुखतंय ते एआय ओळखणार. अर्धी रक्कम आगाऊ, उरलेली लाँचनंतर.

डेमोला त्याने स्पीकर स्वतःचा आणला. ‘तुमच्या वायफायला त्रास नको’ म्हणाला. खरं कारण मला पुढे कळलं. अ‍ॅलेक्साचं स्किल प्रकाशित होण्याआधी ‘डेव्हलपमेंट’ अवस्थेत असतं, तेव्हा ते ज्या खात्यात बनवलं त्याच खात्याशी जोडलेल्या उपकरणांवर चालतं. दुसऱ्याच्या स्पीकरवर ते सापडतच नाही. त्याच्या स्पीकरवर मात्र झकास चाललं. तो खुर्चीत बसून ‘नेक्स्ट’ म्हणायचा, पुढचा व्यायाम यायचा, लगेच ‘नेक्स्ट’, पुन्हा पुढचा. पाय कुणीच उचलत नव्हतं.

मग ‘लाँच’ झालं. त्याने माझ्या पेशंटचे ईमेल पत्ते घेतले आणि सांगितलं, की प्रत्येकाला मेल येईल, त्यातली लिंक ही त्यांची लायसन्स लिंक, ती दाबली की स्किल सुरू. माझ्या स्पीकरवर त्याने स्वतः येऊन चालू करून दिलं. मला लाँचचं प्रमाणपत्र म्हणून एक रंगीत पीडीएफ मिळाली, सोनेरी किनारीसकट. उरलेले पैसे गेले.

पहिली तक्रार आली ती एका आजींची. मी त्यांच्या घरी जाऊन बाजूला बसले. स्पीकर म्हणाला, पाय उचला, दहा वेळा करा, झालं की ‘नेक्स्ट’ म्हणा. आजींनी पाय उचलला, धरला, खाली आणला. तिसऱ्या खेपेला त्यांचा पाय हवेत असतानाच स्पीकरने पुन्हा तेच विचारलं. आजी दम खात होत्या, बोलणार कशा? स्पीकरचा दिवा विझला. दहा झाल्यावर त्या मोठ्याने ‘नेक्स्ट’ म्हणाल्या तर काहीच नाही. ‘अ‍ॅलेक्सा, नेक्स्ट’ म्हणाल्या तर भलतंच गाणं सुरू झालं. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘अगं, याला घाई फार.’

अ‍ॅलेक्सा प्रश्न विचारून साधारण आठ सेकंद ऐकते. उत्तर आलं नाही तर एकदा पुन्हा विचारते आणि तरीही शांतता असेल तर संवाद बंद करते. त्यानंतरचं ‘नेक्स्ट’ तुमच्या स्किलपर्यंत पोचतच नाही. व्यायामाचं स्किल बनवणाऱ्याला सगळ्यात आधी याच अडचणीवर तोड काढावी लागते. तोडही अवघड नाही. बोलण्यातच विराम घालता येतो, एक विराम दहा सेकंदांपर्यंत. किंवा मोजणीचा आवाज रेकॉर्ड करून मध्ये वाजवता येतो, म्हणजे स्पीकरच पेशंटबरोबर दहा मोजतो आणि मग प्रश्न विचारतो. आमच्या तज्ज्ञांना सांगितलं तर उत्तर आलं, ‘पेशंटना ट्रेनिंग द्या.’

इथपर्यंत मी याला हलगर्जीपणा समजत होते. काम वाईट करणं वेगळं आणि लुबाडणं वेगळं. पण एके दिवशी सगळ्या पेशंटकडचं स्किल एकाच वेळी बंद पडलं. त्याचा निरोप तयारच होता: लायसन्सची मुदत संपली, नूतनीकरणाचे पैसे भरा, नाहीतर पेशंटचा डेटा पुसला जाईल.

भांडं फोडलं आजींच्या नातवाने. त्याने आजीच्या मेलबॉक्समधला तो जुना मेल उघडला. त्यात लायसन्स हा शब्दच नव्हता. एका स्किलच्या बीटा टेस्टचं ते निमंत्रण होतं. अ‍ॅमेझॉन डेव्हलपरांना ही सोय फुकट देते. प्रकाशित न झालेलं स्किल ५०० लोकांपर्यंत निमंत्रणाने वापरायला देता येतं आणि ती चाचणी ९० दिवसांनी आपोआप संपते. म्हणजे स्किल कधी प्रकाशित झालंच नव्हतं. चाचणीची मुदत संपली आणि हा तिलाच लायसन्सची मुदत म्हणून पैसे मागत होता. निमंत्रणं पुन्हा पाठवली असती, पुन्हा ९० दिवस, पुन्हा ‘नूतनीकरण’. बसल्या जागी वर्षातून चार वेळा वसुली. युक्ती म्हणून दाद द्यावी अशीच!

मग नातवाला शेजारी बसवून मी कोटेशन एकेक ओळ तपासलं.

नाव राखण्याचं शुल्क: ज्या नावाने स्किलला हाक मारतात ते इन्व्होकेशन नेम कुणालाही राखून ठेवता येत नाही. एकाच नावाची अनेक स्किल्स असू शकतात. सर्टिफिकेशन: स्किल तपासणीला पाठवायला अ‍ॅमेझॉन पैसे घेत नाही, डेव्हलपर खातंही फुकट असतं. शिवाय आरोग्यविषयक स्किलच्या वर्णनात ‘हा वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही’ अशा अर्थाची सूचना असावी लागते. ती आमच्या वर्णनात नव्हतीच. याने स्किल तपासणीला पाठवलं असतं, तर तिथेच परत आलं असतं.

गूगलची बाब जास्त संतापजनक. गूगल असिस्टंटसाठी बाहेरचे लोक असली संवादी अ‍ॅप्स ज्या सोयीतून बनवत, ती कन्व्हर्सेशनल अ‍ॅक्शन्स बंद करणार असल्याचं गूगलने जून २०२२ मध्येच जाहीर केलं होतं. १३ जून २०२३ ला ती बंद झालीही. माझ्याकडून याने पैसे घेतले ते घोषणेनंतर. या धंद्यातल्या माणसाला ही बातमी ठाऊक नसणं शक्य नाही.

आणि ते व्हॉइस अ‍ॅनालिटिक्स. स्किलच्या प्रोग्रामकडे पेशंटचा आवाज येतच नाही. आवाज अ‍ॅलेक्साकडे जातो, तिथे त्याचे शब्द होतात, बोलणाऱ्याला काय हवंय ते ठरतं आणि स्किलला फक्त तो निष्कर्ष मजकुरात मिळतो: अमुक इंटेंट (म्हणजे बोलणाऱ्याला काय हवंय ते), वेदनेचा आकडा सात. जो आवाज हातातच पडत नाही त्यातून वेदना कोणता एआय ओळखणार? मला दर आठवड्याला येणारे ते रंगीबेरंगी आलेख म्हणजे पेशंटनी शून्य ते दहामध्ये तोंडाने सांगितलेले आकडे होते. ते आकडे मात्र त्याच्या डेटाबेसमध्ये गेले. पैशापेक्षा मला हे जास्त लागलं.

मी कोड मागितला. ‘ती आमची बौद्धिक संपदा’ असं उत्तर आलं. खातं त्याचं, कोड त्याचा, डेटा त्याच्याकडे. माझ्याकडे काय, तर सोनेरी किनारीची पीडीएफ. लेखी तक्रार केली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत.

स्किल पुढे दुसऱ्या एकीकडून बनवून घेतलं. डेव्हलपर खातं मी माझ्या ईमेलवर उघडलं. त्या खात्यात दुसऱ्यांना जोडण्याची सोय असते, तिथे तिला ‘डेव्हलपर’ ही भूमिका दिली आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच राहिले. उद्या तिने काम सोडलं तर तिचं नाव काढायचं, स्किल जागेवर. डेमोही माझ्या अटीवर झाला. स्पीकर माझा, व्यायाम करणाऱ्या आजी आणि वाक्यंही आजींच्या मनची. त्या ‘नेक्स्ट’ म्हणाल्याच नाहीत, ‘हो गया’ म्हणाल्या, आणि स्किल अडकलं. तिने तिथेच ते वाक्य नमुना वाक्यांमध्ये, म्हणजे स्किलला ओळखता यावीत म्हणून आधी लिहून ठेवलेल्या वाक्यांत, घातलं.

तुमच्याकडे आधीच असलं काही विकलेलं असेल, तर विकणाऱ्याशी अजिबात संबंध नसलेल्या माणसाच्या खात्यातून अ‍ॅलेक्सा अ‍ॅपमध्ये ते शोधायला सांगा. प्रकाशित स्किल तिथे दिसतं. तुमच्या अ‍ॅपमध्ये ‘युवर स्किल्स’खाली ते ‘डेव्ह’ विभागात दिसत असेल, तर ते प्रकाशित झालेलंच नाही, प्रमाणपत्र कितीही चकचकीत असो.

हा गृहस्थ आता ‘एआय व्हॉइस एजंट’ विकतो. माझ्या ओळखीच्या एका दंतवैद्य बाईंनी परवा त्याचं कोटेशन मला दाखवलं. वस्तूचं नाव बदललंय. पण नाव राखण्याचं शुल्क, आवाजावरून वेदना ओळखणं आणि ठरावीक मुदतीचं लायसन्स या तिन्ही ओळी जशाच्या तशा आहेत. मी त्यांच्याखाली लाल रेघा मारून कागद बाईंना परत दिला.