कोवळ्या वयातील आईबाबांसाठीचा सजगता वर्ग : आठ शनिवारांचा अनुभव

माझ्या भाचीला पाचवा महिना लागला तेव्हा ती १९ वर्षांची होती आणि जावई २३ वर्षांचे. आमच्या जिल्ह्याच्या गावी एका खासगी प्रसूतिगृहाने विशीच्या आतील गरोदर मुली आणि त्यांचे पती अशा दोघांसाठी ८ आठवड्यांचा सजगता वर्ग, म्हणजेच माइंडफुलनेसचे प्रशिक्षण, सुरू केल्याचे कळले. मी दोघांची नावे नोंदवली आणि सोबत म्हणून दर शनिवारी मागच्या सतरंजीवर बसले.

या वर्गाची मांडणी आयत्या वेळी कोणी सुचवलेली नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट वेदनांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्याच्या आधारे नॅन्सी बार्डॅके या सुईणीने १९९८ मध्ये गरोदर स्त्रिया व त्यांच्या जोडीदारांसाठी ९ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात बसून आलेल्यांना त्यातील मूळ गोष्ट, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहणे, अनोळखी वाटणार नाही. आपल्याकडे अशा वर्गाची गरज किती आहे हे सांगायला एक आकडा पुरे : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली त्या वेळी आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या.

तिसऱ्या शनिवारी प्रशिक्षक बाईंनी प्रत्येकाच्या तळहातावर बर्फाचा खडा ठेवला आणि मिनिटभर मूठ मिटायला सांगितले, कारण ऐन भरातली कळ साधारण तेवढाच वेळ टिकते. पहिल्या खेपेस भाचीने विसाव्या सेकंदाला खडा टाकून दिला. दुसऱ्या खेपेस नुसते सोसायचे नव्हते, तर जे जाणवते ते मनात म्हणायचे होते : गार, टोचतंय, बधिर झालं, पुन्हा टोचतंय. तिच्या मनगटावरून पाणी बांगड्यांत उतरत होते, पण खडा हातातच राहिला. त्यानंतर बाईंनी हात पुसायला सांगून दोन मिनिटे शांत बसवले आणि म्हणाल्या, ‘‘ही दोन मिनिटंही बाळंतपणाचीच आहेत, ती पुढच्या कळेच्या धास्तीत घालवू नका.’’ कळा एकसलग नसतात, मध्ये मोकळा वेळ मिळतो, हे जावयांना त्या दिवशी प्रथमच समजले. घरात कोणी कण्हले की ‘‘थोडं सहन कर’’ असे म्हणायची त्यांची सवयही त्या बर्फाने मोडली. एवढ्यासाठीच मी या वर्गाला चांगले म्हणेन, कारण एरवी कोवळ्या वयाच्या नवऱ्याला बाळंतपणात औषधे आणण्यापलीकडे कोणी काम देत नाही.

घरच्या सरावाचे मात्र हाल झाले. रोज अर्धा तास आडवे पडून ध्वनिमुद्रण ऐकायचे, असा नियम होता. दोन खोल्यांच्या घरात, सासरे टीव्ही पाहत असताना, सून भरदुपारी कानाला यंत्र लावून अर्धा तास पडून राहील, हे कोणी गृहीत धरले कोण जाणे. मी चौथ्या आठवड्यात हे बोलल्यावर बाईंनी मोकळेपणाने ऐकून घेतले आणि नळावर हंडा भरेपर्यंतचे श्वास मोजण्याचा सराव दिला, तो भाचीने शेवटपर्यंत केला. वाटलेली पत्रके इंग्रजीत होती, ती कोणी उघडलीही नाहीत.

दोन आक्षेप याहून गंभीर आहेत. दारावरच्या फलकावर ‘सजगतेतून नैसर्गिक प्रसूती’ असे वचन आहे. वाढलेला रक्तदाब किंवा पंडुरोग श्वासाने हटत नाही. त्यासाठी नियमित तपासणी आणि लोहाच्या गोळ्याच लागतात, आणि उद्या सिझेरियन करावे लागले तर १९ वर्षांची मुलगी त्याचा दोष स्वतःच्या माथी घेईल. दुसरे म्हणजे, अर्जावर वय विचारतात, पण मुलगी १८ वर्षांखालील असेल तर पोक्सो म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हे आधी कोणी सांगत नाही. जी मुलगी विश्वासाने दार ठोठावते तिला हे पहिल्याच भेटीत, आधार देत, स्पष्ट सांगितले पाहिजे.

शिवाय आपल्या रीतीचा विचार झालेला नाही. पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे सातव्या महिन्यात सहापैकी चार मुली निघून गेल्या आणि शेवटच्या दोन शनिवारी त्यांचे नवरे एकटेच येऊन बसले. आमचे जावई रात्री नऊला फोन लावत, दोघे न बोलता दहा श्वास घेत आणि मग जेवणखाण विचारत. पण सरकारी रुग्णालयात सोबतीला मुभा मिळते ती २०१६ च्या केंद्रीय सूचनांप्रमाणे मुख्यतः बाळंतपणातून गेलेल्या नातलग स्त्रीला. म्हणजे खरी सोबतीण मुलीची आई, आणि तिच्यासाठी आठांपैकी एकही बैठक नव्हती.

माझी बहीण बाळंतपणाच्या रात्री भाचीच्या उशाशी होती आणि आमच्या आईने तिला सांगितले होते तेच सांगत होती, ‘‘सोस बाई, सोस.’’ दोन कळांच्या मधल्या वेळात भाची म्हणाली, ‘‘आई, काही बोलू नकोस, नुसता हात धर.’’ बहिणीने सकाळपर्यंत तो सोडला नाही.