अंगातले स्नायू मोजायचे कशाने: काटा, डेक्सा की पोटॅशियम-40?

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या पायांना सूज आली. अंगठ्याने दाबलं की घोट्यावर खळगा तसाच राहायचा. त्याच आठवड्यात एका ठिकाणी त्यांना अंगातून हलका वीजप्रवाह सोडणाऱ्या काट्यावर उभं केलं आणि कागद हातात आला: स्नायू वाढले! वाढलं होतं ते पाणी. घरातल्या वयस्क माणसाचं मोजून घ्यायचं असेल, तर आधी हे लक्षात घ्या.

काटा स्वस्त आणि झटपट. पण तो अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतो. सकाळची पेज, आडसराचं (शहाळ्याचं) पाणी एवढ्यानेही आकडा हलतो. सूज असेल तर मी तो बादच धरते.

डेक्सा ही तपासणी कितीतरी भरवशाची. दोन ऊर्जांचे क्ष-किरण, अगदी कमी मात्रा, दहाएक मिनिटं. हाड, चरबी आणि उरलेलं असं ती वेगळं करते. अडचण त्या 'उरलेल्या'त आहे: सुजेचं पाणीही तिथेच जमा होतं.

पोटॅशियम-40 इथे फसत नाही. शरीरातलं जवळजवळ 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, चरबीत नाममात्र. सुजेच्या पाण्यात असतं ते मुख्यतः सोडियम. निसर्गातल्या पोटॅशियमपैकी 0.0117 टक्के किरणोत्सारी असतं (तेच पोटॅशियम-40), म्हणजे दर ग्रॅममागे सेकंदाला सुमारे 31 अणू फुटतात. त्यांतल्या दहापैकी सुमारे एकातूनच गॅमा किरण निघतो, म्हणून 120 ग्रॅम पोटॅशियमच्या माणसातून सेकंदाला साधारण 400 गॅमा किरण निघतात, तेच मोजायचे. बाहेरून काही सोडायचं नाही, टोचायचं नाही. मात्र आपल्या चिऱ्याच्या भिंतीतूनही किरण येतात, म्हणून जाड पोलादाची किंवा शिशाची खोली लागते, आणि माणसाला बराच वेळ निश्चल राहावं लागतं.

1961 मध्ये संशोधक फोर्ब्स आणि सहकाऱ्यांनी ही रीत मांडली. चरबीविरहित वजनाच्या दर किलोला 68.1 मिलिमोल, म्हणजे सुमारे 2.66 ग्रॅम, पोटॅशियम धरलं, तर 120 ग्रॅमचे 45 किलो होतात. म्हातारपणी हे प्रमाण घटतं, तेव्हा तोच गुणक वापरला तर चरबीविरहित वजन खऱ्यापेक्षा कमी दिसतं. पेशींचा साठा म्हणून वाचलं तर आकडा पक्का.

पण असं यंत्र सहज मिळत नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेत आहे, तेही संशोधनासाठी. त्यामुळे सूज नसेल तर सरळ डेक्सा करा, दर वेळी त्याच यंत्रावर, सकाळी उपाशीपोटी. सूज असेल तर आधी डॉक्टरांकडे, मोजमाप नंतर. बाबांची सूज उतरल्यावरच आम्ही पणजीला डेक्सा केली, आणि पुढची त्याच यंत्रावर सहा महिन्यांनी ठरवली आहे.